खिशातले शस्त्र आणि त्याचा ‘घोडा’

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. नाशिकहून बदलून जाणारे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त हा प्रयोग योजला गेला होता. जॅक्सन नाट्यगृहात आले असता अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने अगदी जवळून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते जागीच कोसळले. कान्हेरे यांच्यासह कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये झालेली जन्मठेप, अभिनव भारत संघटना, नाशिक कटाचा खटला या साऱ्यांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्या रात्री वापरल्या गेलेल्या शस्त्राचा उल्लेख मात्र बहुधा ‘ब्राउनिंग पिस्तूल’ या दोन शब्दांत आटोपला जातो.

हे दोन शब्द थोडे उलगडून पाहण्यासारखे आहेत. भरल्या सभागृहात, शहरातील प्रतिष्ठितांच्या आणि पोलिसांच्या देखत, अंगावरच्या कपड्यांत दडवून नेलेले शस्त्र क्षणार्धात बाहेर निघावे लागते. ते कशात अडकले तर सारेच फसते. शस्त्र जिथे अडकते तो भाग म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या मागच्या बाजूला वर उभा राहणारा हॅमर. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खिशातल्या शस्त्रांचा इतिहास बऱ्याच अंशी या एका भागाला लपविण्याचा, छाटण्याचा किंवा आत घेण्याचा इतिहास आहे.

घोडा, चाप आणि चक्री

मराठीत बंदुकीच्या हॅमरला फार पूर्वीपासून ‘घोडा’ म्हणतात. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत पुढे या भागाचे नाव अख्ख्या शस्त्रालाच चिकटले आणि ‘घोडा’ म्हणजे पिस्तूल असा अर्थ रूढ झाला. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात धरणारा, चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरणारा आणि नंतर टोपीच्या बंदुकीत टोपीवर आपटणारा, असा हा भाग तंत्राबरोबर बदलत गेला. काम मात्र एकच राहिले. स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावायचे आणि दारू पेटवायची.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रीत असतात. घोडा मागे ओढला की चक्री एक घर फिरते आणि नवे काडतूस नळीसमोर येते. चाप दाबला की घोडा सुटतो आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर, म्हणजे प्रायमरवर आघात होतो. अंगठ्याने घोडा मागे ओढून मग चाप दाबायचा, ही झाली ‘सिंगल अ‍ॅक्शन’ पद्धत. नुसता चापच जोराने ओढला असता घोडा आपोआप मागे जाऊन सुटतो, ती ‘डबल अ‍ॅक्शन’. पहिल्या पद्धतीत चाप हलका लागतो आणि नेम अधिक साधतो. दुसरीत चाप जड असतो, पण अंगठ्याची गरज नसते. पुढचे सारे प्रकरण समजण्यासाठी एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरे.

अंगठ्याला पकड मिळावी म्हणून घोड्याच्या माथ्याला मागे वळलेले, खाचा पाडलेले एक टोक असते. इंग्रजीत त्याला स्पर म्हणतात. घोडेस्वाराच्या टाचेला लावलेल्या काट्याचेही इंग्रजी नाव हेच. कमरेच्या उघड्या म्यानात रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या शिपायाला हा काटा सोयीचा असतो. तेच शस्त्र कोटाच्या खिशात ठेवले की हाच काटा अस्तराला, बटणाच्या काजाला, सदऱ्याच्या टोकाला आकडीसारखा पकडतो.

काटा नसलेला पहिला रिव्हॉल्व्हर

काटा काढून टाकण्याची कल्पना खिशासाठी सुचली असे समजले जाते, पण काटा नसलेला घोडा त्याहून जुना आहे. सॅम्युएल कोल्टने आपल्या रिव्हॉल्व्हरचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळवले. त्याचा रिव्हॉल्व्हर सिंगल अ‍ॅक्शन होता, म्हणजे काट्यावाचून तो चालणे शक्यच नव्हते. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात कोल्टसमोर रॉबर्ट अ‍ॅडम्स हा इंग्रज कारागीर उभा ठाकला. अ‍ॅडम्सचा रिव्हॉल्व्हर केवळ चाप ओढून चालत असे, सबब त्याच्या घोड्याला काटा नव्हता. खिशाचा विचार तिथे फारसा नव्हता. यंत्रालाच काट्याची गरज नव्हती, एवढेच.

लष्करी अधिकाऱ्यांना मात्र लांबच्या नेमासाठी घोडा अंगठ्याने चढविण्याची सोय हवी होती. फ्रेडरिक ब्यूमाँट या रॉयल इंजिनिअर्समधील अधिकाऱ्याने अ‍ॅडम्सच्या यंत्रणेत दोन्ही पद्धतींची सोय केली आणि काटा पुन्हा आला. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला जे रिव्हॉल्व्हर होते, त्यांत कोल्टबरोबर हे ब्यूमाँट-अ‍ॅडम्सही होते. भारतीय भूमीवर रिव्हॉल्व्हरचा मोठ्या प्रमाणावरील पहिला वापर याच काळातला म्हणावा लागेल.

खास खिशासाठी म्हणून बनविलेला आणि बाजारात टिकलेला रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने आणला. ‘सेफ्टी हॅमरलेस’ असे त्याचे नाव. नाव जरा फसवे आहे, कारण घोडा त्यात होता. तो चौकटीच्या आत पूर्ण झाकलेला होता, इतकेच. मुठीच्या मागे एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळून ही पट्टी दाबली गेल्याशिवाय चाप हलत नसे. या आवळण्यावरून त्याला ‘लिंबू पिळणारा’ असे टोपणनाव पडले. हे मॉडेल थोड्याफार फरकाने अर्धशतकभर बनत राहिले.

लपवून नेलेल्या लहान रिव्हॉल्व्हरने काय होऊ शकते, हे जगाने १९०१ साली पाहिले. अमेरिकेच्या बफेलो शहरातील प्रदर्शनात ६ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली लोकांशी हस्तांदोलन करीत होते. रांगेतील लिऑन चोलगोश याचा उजवा हात रुमालात गुंडाळलेला होता. जखम असावी असे पाहणाऱ्यांना वाटले. रुमालाखाली आयव्हर जॉन्सन कंपनीचा .३२ चा छोटा रिव्हॉल्व्हर होता. आठ दिवसांनी मॅकिन्ली यांचे निधन झाले.

ब्राउनिंग: कोणतेही मॉडेल असो

आता नाशिककडे वळू. विनायक दामोदर सावरकर यांनी १९०९ च्या आरंभी वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे लंडनच्या इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून हिंदुस्थानात पाठविली. पेटीला दुहेरी तळ करून त्यांत ती दडविली होती. या पाठवणीचा उल्लेख नाशिक कटाच्या खटल्यात ठळकपणे आला. शस्त्रे परदेशातून चोरून आणण्याची वेळ का आली, याचे उत्तर १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली आणि युरोपीयांना मात्र सूट दिली.

ब्राउनिंग पिस्तूल म्हणजे रिव्हॉल्व्हर नव्हे. त्याला चक्री नसते. काडतुसे मुठीतल्या पेटीत असतात आणि एक गोळी सुटली की तिच्याच जोराने रिकामे टरफल बाहेर पडून पुढचे काडतूस आत चढते. जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी यंत्रज्ञाने आराखडा करावा आणि बेल्जियममधील लिएजजवळच्या हेर्स्टाल येथील एफएन कारखान्याने पिस्तूल बनवावे, अशी ती व्यवस्था होती. १९०९ पर्यंत या कारखान्याची ब्राउनिंगची तीन पिस्तुले बाजारात आली होती. १९०० चे ७.६५ मिलिमीटरचे, १९०३ चे नऊ मिलिमीटरचे मोठे आणि १९०६ चे ६.३५ मिलिमीटरचे, तळहातात मावणारे.

या तिन्ही पिस्तुलांना बाहेर घोडा नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. १९०० आणि १९०६ च्या मॉडेलांत घोडाच नाही. सळईसारखा एक स्ट्रायकर स्प्रिंगच्या जोरावर सरळ पुढे जाऊन टोपीवर आदळतो. १९०३ च्या मॉडेलात घोडा आहे, पण तो आत झाकलेला. म्हणजे पेटीच्या दुहेरी तळातून आलेली पिस्तुले यांपैकी कोणत्याही मॉडेलची असोत, कपड्यात अडकणारा काटा त्यांना नव्हता. १९०० चे मॉडेल सपाट आहे. लांबी सुमारे सतरा सेंटिमीटर, वजन रिकामे असताना सहाशे ग्रॅमच्या थोडे वर, पेटीत सात काडतुसे. चक्रीचा फुगवटा नाही, वर आकडी नाही. गुप्त संघटनेला यापेक्षा सोयीचे शस्त्र त्या काळी मिळणे कठीण होते. सावरकरांनी ब्राउनिंग निवडले त्यामागे हाच एक विचार होता असे म्हणण्यास आधार नाही. सहज मिळणारे आणि नाव झालेले पिस्तूल म्हणूनही ते घेतले गेले असेल. परंतु त्याची घडण कामाला साजेशी होती, यात शंका नाही.

याच कारखान्याचे १९१० चे मॉडेल पुढे २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपच्या हाती होते. त्यालाही बाहेर घोडा नाही. ब्राउनिंगनेच कोल्ट कंपनीसाठी १९०३ मध्ये केलेले ‘पॉकेट हॅमरलेस’ पिस्तूल भारतीय क्रांतिकारकांच्या इतिहासात दोनदा भेटते. लाहोरमध्ये १७ डिसेंबर १९२८ रोजी साँडर्स याच्यावर राजगुरू आणि भगतसिंग यांनी गोळ्या झाडल्या. त्यांपैकी भगतसिंगांचे .३२ चे कोल्ट पिस्तूल इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रातील संग्रहालयात अनेक वर्षे इतर शस्त्रांमध्ये पडून होते. २०१६ मध्ये त्याची ओळख पटली. चंद्रशेखर आझाद यांचे कोल्ट अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. ‘पॉकेट हॅमरलेस’ हेही नाव असेच फसवे. घोडा आहे, पण आत.

काटा छाटण्याची रीत

पिस्तुले आली तरी रिव्हॉल्व्हर मागे पडला नाही. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढावा, चक्री फिरून पुढचे समोर येते. हा साधेपणा अनेकांना विश्वासाचा वाटला. तेव्हा प्रश्न उरला तो काट्याचाच.

अमेरिकेत १९२० च्या दशकात कोल्ट कंपनीतील जॉन हेन्री फिट्झजेरल्ड यांनी रिव्हॉल्व्हरवर जे बदल केले त्यांना ‘फिट्झ स्पेशल’ म्हणतात. नळी आखूड केली, चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग काढला आणि घोड्याचा काटा छाटला. असे रिव्हॉल्व्हर मोजकेच झाले, पण त्यांची चर्चा फार झाली. कोल्टने १९२७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ने आखूड नळीचा रिव्हॉल्व्हर सर्वांपर्यंत पोहोचविला. हिंदी चित्रपटांतील साध्या वेशातल्या इन्स्पेक्टरच्या हातात दिसणारा बुटका रिव्हॉल्व्हर याच घराण्यातला. घोड्याला मात्र तिथे काटा होताच, आणि तो छाटून घेण्याची रीत गन दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानांतून पसरली. अशा घोड्याला इंग्रजीत ‘बॉब्ड’ म्हणतात. शेपूट कापलेल्या घोड्याला, खऱ्याखुऱ्या घोड्याला, हाच शब्द आहे.

लष्करातही हा प्रकार झाला, तो वेगळ्या कारणाने. ब्रिटिश सैन्यासाठी .३८ चा एनफिल्ड रिव्हॉल्व्हर १९३० च्या दशकात आला. रणगाड्यांच्या अरुंद पोटात चढता-उतरताना त्याचा काटा आतल्या सामानात अडकतो, अशी रणगाडा दलाची तक्रार होती. १९३८ मध्ये ‘मार्क वन स्टार’ या सुधारित नमुन्यात काटा काढून टाकण्यात आला. अंगठ्याने घोडा चढविण्याची सोय त्याबरोबर गेली, चाप जड झाला आणि नेम बिघडतो अशी उलट तक्रार सुरू झाली. एकाची अडचण दूर करताना दुसऱ्याची वाढली. सैन्यात असे घडणे नवलाचे नाही.

काटा छाटण्याने नेमके काय साधते आणि काय हरवते, यावर या क्षेत्रातील जाणकारांत आजही वाद आहे. खिशातून शस्त्र अडथळ्याशिवाय निघते, हा लाभ उघड आहे. शिवाय घाबरलेल्या माणसाने घोडा चढवून ठेवावा आणि चापावरील किंचित दाबाने गोळी सुटावी, असा अपघात टळतो, कारण घोडा अंगठ्याने चढवताच येत नाही. अमेरिकेतील काही पोलीस दलांनी आपल्या रिव्हॉल्व्हरमधील सिंगल अ‍ॅक्शन बंद करून टाकली, ती याच विचाराने. दुसरी बाजू अशी की, घोड्याचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांचे गणित कारखान्याने बसविलेले असते. घोडा हलका झाला की टोपीवरील आघात बदलतो. घोड्याच्या पोलादाला वरून कठीणपणा दिलेला असतो आणि तो बिघडला की भाग झिजतो. कधी काडतूस फुटत नाही, कधी नको तेव्हा घोडा निसटतो. स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या शस्त्रात या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक.

म्हणूनच मोठ्या कंपन्यांनी छाटण्याऐवजी झाकण्याचा मार्ग धरला. स्मिथ अँड वेसनने १९५० च्या दशकात ‘सेंटेनियल’ हा पूर्ण झाकलेल्या घोड्याचा आणि ‘बॉडीगार्ड’ हा दोन्ही बाजूंनी भिंती चढविलेला, पण अंगठ्यापुरते टोक वर ठेवलेला रिव्हॉल्व्हर आणला. ज्याला काटा नको आहे त्याने काटा नसलेले शस्त्रच घ्यावे, असे या दोन नमुन्यांनंतर म्हणता येऊ लागले. कानशीने केलेल्या कामापेक्षा हा मार्ग निश्चितच शहाणपणाचा.

कानपूरचे .३२

भारतात परवानाधारक नागरिकाच्या हाती असणारा रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ चा असतो. सैन्य आणि पोलीस वापरतात त्या मापाची शस्त्रे सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने .३२ हे माप रूढ झाले. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारा .३२ चा रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ले रिव्हॉल्व्हरच्या घडणीवर बेतलेला आहे. चक्रीत सहा काडतुसे, नळी पुढे मोडून भरण्याची पद्धत, बाहेर उघडा घोडा आणि त्याला काटा.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर कानपूरच्या कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हा हलका रिव्हॉल्व्हर आणला. महिलांच्या पर्समध्ये मावेल असा त्याचा प्रचार झाला. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात. किंमत ऐकूनच अनेकांनी हात मागे घेतला आणि महिलांच्या सुरक्षिततेचे उत्तर रिव्हॉल्व्हर आहे काय, असा प्रश्नही तेव्हा विचारला गेला. आयुध निर्माणी मंडळ ऑक्टोबर २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हा .३२ चाच नवा रिव्हॉल्व्हर आणला. त्याची चक्री बाजूला उघडते. काडतुसे भरण्यासाठी नळी मोडावी लागत नाही.

हातातून निसटलेले शस्त्र

उघड्या घोड्याचा खरा धोका कापडात अडकण्याचा नसून आपटण्याचा आहे. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा विसावलेल्या स्थितीत भरलेल्या काडतुसाच्या टोपीलगत असतो. शस्त्र हातातून पडून घोड्यावर आपटले तर चापाला हात न लागताही गोळी सुटू शकते. यामुळेच घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवण्याची सवय जुन्या लोकांना होती. सहा घरांच्या चक्रीत पाचच काडतुसे भरावीत, हा शिरस्ता त्यातून आला. कोल्टने १९०५ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक पट्टी बसविली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ही पट्टी घोडा आणि काडतूस यांच्यामधून हटत नाही. आयव्हर जॉन्सन कंपनीने त्याही आधी वेगळी युक्ती योजली होती आणि आमच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा खुशाल हातोडीने ठोका, अशा जाहिराती ती करीत असे. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये अशी सोय आता सर्रास असते. घराच्या कपाटात दोन-तीन पिढ्या पडून असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती असेलच असे नाही, आणि असली तरी झिजलेली असू शकते.

मुंबईत १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या डाव्या पायाला लागली. कोलकात्याला जाण्याची तयारी करीत असताना शस्त्र हातातून निसटले आणि गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर ते बरे झाले. भरलेले शस्त्र घरात हाताळताना काय घडू शकते, याची चर्चा राज्यभर झाली ती या घटनेमुळे. एरवी अशा घटना स्थानिक पानावरच्या चार ओळींत संपतात.

काटा छाटला म्हणजे हा धोका टळतो, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. आपटण्यासाठी पुढे आलेले टोक उरत नाही हे मान्य, परंतु घोड्याचा माथा उघडाच राहतो. आतील पट्टी नसेल तर छाटलेला घोडाही फटका बसल्यावर टोपीपर्यंत जाऊ शकतो.

परवाना शस्त्राचा, कानशीचा नव्हे

नाशिक शहरात शस्त्र परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे आणि आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरील जिल्ह्यात तो जिल्हाधिकाऱ्यांना आहे. म्हणजे जॅक्सन ज्या पदावर होते, त्याच पदाच्या सहीने आज निफाडचा बागाईतदार किंवा सिन्नरचा कारखानदार रिव्हॉल्व्हर बाळगतो. मधल्या काळात कायदा बदलला. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, वंशावरचा भेद गेला आणि परवान्याची अट सर्वांना सारखी झाली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे केली.

अमेरिकेतील अनेक राज्यांत शस्त्र कपड्याआड लपवून नेण्यासाठी स्वतंत्र परवाना असतो. भारतात असा वेगळा परवाना नाही. उलट २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी छोटे शस्त्र नेताना ते म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असावे लागते. ते मिरविणे हाच गुन्हा. लग्नाच्या वरातीत कमरेचे रिव्हॉल्व्हर काढून हवेत बार उडविणाऱ्या हौशी मंडळींसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे हेही त्यावर लिहिलेले असते. जिल्ह्यापुरता परवाना असलेले शस्त्र राज्याबाहेर नेता येत नाही.

परवानाधारकांपैकी अनेकांना ठाऊक नसलेली बाब अशी की, हा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, त्यात फेरफार करण्याचा नाही. अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, हस्तांतर, रूपांतर, दुरुस्ती किंवा चाचणी यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. कलम ६ प्रमाणे नळी आखूड करणे आणि नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करणे यांवर विशेष निर्बंध आहे. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरील क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसता, बदलता येत नाही. २०१९ नंतर विनापरवाना निर्मिती, रूपांतर आणि दुरुस्ती यांसाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. घोड्याचा काटा घासून काढणे हे एखाद्याला पादत्राणाची टाच कमी करण्याइतके किरकोळ वाटेल. अंबड किंवा सातपूरच्या वसाहतीतील एखाद्या लेथवर ते काम अर्ध्या तासात होईलही. पण ते काम करून देणारा आणि करून घेणारा दोघेही या कलमांच्या तावडीत सापडू शकतात.

याला तपासाचीही एक बाजू आहे. वेब्लेच्या घडणीत टोपीवर आघात करणारे टोक घोड्यालाच जोडलेले असते. टरफलाच्या बुडावर उमटलेला त्याचा ठसा पाहून कोणत्या शस्त्रातून गोळी सुटली, हे शस्त्रतज्ज्ञ न्यायालयात सांगतात. घोड्यावर हत्यार चालविलेले शस्त्र एखाद्या घटनेत सापडले तर ते का चालविले, याचा खुलासा मालकाला द्यावा लागेल. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली असे म्हणणाऱ्यालाही.

शस्त्रात दोष वाटला, चाप जड लागला, घोडा सैल झाला तर परवान्यासह ते दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे न्यावे, ही रीतसर वाट आहे. तिथे नोंदवहीत शस्त्राचा क्रमांक आणि परवान्याचा तपशील चढतो. कपड्यात अडकण्याची तक्रार असेल तर घोड्यावरून पट्टी जाणारे, पण एका बोटाने सुटणारे चामड्याचे म्यान मिळते. त्यात काटा झाकला जातो आणि शस्त्राच्या पोलादाला धक्का लागत नाही.

विनापरवाना शस्त्रांचे जग याहून वेगळे. नाशिक शहर आणि ग्रामीण पोलिसांच्या कारवायांत जे ‘गावठी कट्टे’ हाती लागतात, त्यांची घडण कोणत्याही कंपनीच्या नमुन्याशी बांधलेली नसते. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे उमर्टी हे गाव अशा शस्त्रांच्या संदर्भात पोलीस तपासांत वारंवार येते. साधा कट्टा एकेका काडतुसाचा असतो. त्याचा घोडा रबरी पट्टीने किंवा कच्च्या स्प्रिंगने ओढलेला असतो, सुरक्षेची पट्टी नसते आणि नळी त्या काडतुसाचा दाब सहन करील याची कोणी चाचणी घेतलेली नसते. असा कट्टा झाडणाऱ्याच्या हातातच फुटू शकतो. तो बाळगणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेण्याचे काम नाशिकच्या पोलीस ठाण्यांत सुरू होते. सरसकट सर्वांची नव्हे, तर छाननी समिती ठरवील त्यांची. गुन्हे दाखल असलेले आणि जामिनावर सुटलेले परवानाधारक त्यात आधी येतात. ठाण्यात शस्त्र देताना काडतुसे वेगळी मोजली जातात, चक्री रिकामी असल्याची खात्री केली जाते आणि पावतीवर शस्त्राचे वर्णन लिहिले जाते. निकालानंतर तीच पावती दाखवून शस्त्र परत मिळते.